मदत हवी आहे: जंगलातली ड्युटी आणि लँडस्केप फोटोग्राफी कशी सांभाळता?

नमस्कार मंडळी,

मी पाटण तालुक्यात वनरक्षक आहे. बीट, म्हणजे माझ्याकडे नेमून दिलेला जंगलाचा भाग, कोयना खोऱ्यातलं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून. फोटोग्राफीचा नाद कॉलेजपासूनचा आणि तोही लँडस्केपचाच. प्राण्यांमागे लेन्स घेऊन फिरायची मला ओढ नाही. डोंगर, ढग, पाणी आणि त्यावर पडलेला उजेड यात जीव रमतो.

अडचण या उजेडाचीच आहे. फोटोला चांगला तो सकाळी लवकर आणि दिवस मावळताना, आणि गस्तही नेमकी तेव्हाच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस सरला की हवा स्वच्छ होते. पहाटे शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, धुकं साचलेलं असतं. ऊन वर आलं की ते आधी काठाकाठानं विरतं, मधला पट्टा तेवढा पांढरा राहतो, मागे डोंगरांच्या रांगा एकामागे एक निळ्या होत जातात. बघता बघता सगळं आटोपतं. त्या वेळी मी पायवाटेवर असतो, सोबत वनमजूर, मोबाइलवर गस्तीची नोंद चालू. तिथे ट्रायपॉड लावून बसणं मला पटत नाही, पगार गस्तीचा घेतो. शिवाय डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की कानाचं लक्ष उडतं, आणि कारवीच्या दाटीत गवा अगदी जवळ उभा असला तरी दिसत नाही.

सुट्टीच्या दिवशी काढावेत म्हटलं तर फेब्रुवारीपासून जाळरेषा (वणवा अडवायला गवत-पाला जाळून मोकळे ठेवलेले पट्टे) आणि वणवे; रात्री-अपरात्री निघावं लागतं. हवाही धुरकट असते. पावसाळ्यात त्या मानानं वेळ मिळतो, पण कोयनेचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. दमट हवेनं लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशीचे बारीक पांढरे धागे धरतात. हवाबंद डबा आणि सिलिका जेल वापरतो, पण जेलचा रंग लगेच बदलतो, म्हणजे ते ओल शोषून भरलेलं असतं. ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट) घ्यावी तर चौकीवर विजेचा भरवसा नाही. अशा पावसाच्या गावात राहणारे कॅमेरा कसा जपता?

फोटोखाली नेमकी जागा मी टाकत नाही आणि टाकणारही नाही. कासला फुलांच्या हंगामात दिवसाला किती माणसं सोडायची हे ठरवून द्यावं लागलं. तिथे राखायला व्यवस्था तरी आहे. आमच्याकडच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, तशी गर्दी लोटली तर त्या पातळ मातीतली फुलं पायाखालीच जातील.

आता मुख्य प्रश्न. ओळखीतल्या एकांनी कॅलेंडरसाठी फोटो विकत मागितलेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे परवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही, एवढं पक्कं. ड्युटीवर काढलेला एकही फोटो मी देणार नाही. पण सुट्टीत, अभयारण्याबाहेर, स्वतःच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोंचं मानधन घ्यायचं तर अर्ज कसा करायचा? वन, पाटबंधारे, महसूल, कुठल्याही खात्यात असून चित्रकला, लेखन किंवा फोटोग्राफी करणाऱ्यांनी लेखी परवानगी कशी मिळवली ते सांगा. एकदाच घेतली की दर वेळी नव्यानं? वरिष्ठांकडे विषय कसा काढलात? अर्जाचा नमुना असेल तर नावं झाकून इथे टाकलात तरी फार उपकार होतील.