फोटो बघून नुसतं 'अप्रतिम' म्हणावं की चुकाही दाखवाव्यात?

पाऊलवाट:
दोन वर्षं मी दिवे घाटात वारीचे फोटो काढले आणि सगळ्यांना दाखवले. दोन्ही वर्षं तेच ऐकलं: 'सुरेख', 'अप्रतिम', 'माउली माउली'. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या वर्षी ओळखीच्या एका काकांनी फोटो हातात धरला आणि विचारलं, "आभाळ कुठं गेलं?"

खरंच, आभाळ नव्हतंच. वळणावळणाने चढणाऱ्या दिंड्या होत्या, भगव्या पताका होत्या आणि वर नुसता पांढरा कागद. वारीच्या दिवसांतलं ढगाळ आभाळ डोळ्यांना करडं दिसतं, पण खालच्या माणसांपेक्षा ते कितीतरी उजळ असतं. कॅमेऱ्याने माणसं सांभाळली आणि ढग पार जाळून टाकले. जेपीईजीत, म्हणजे कॅमेरा तयार करून देतो त्या नेहमीच्या फाइलमध्ये, एकदा पांढरं झालेलं परत आणता येत नाही. काका म्हणाले, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढ, एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली घे, म्हणजे फोटो थोडा काळोखा ठेव, माणसं मागाहून उजळता येतात. दोन मिनिटांचं काम. ते कळायला मला दोन वाऱ्या लागल्या, कारण कौतुक करणाऱ्या एकालाही पांढरं आभाळ खटकलं नाही, किंवा खटकलं तरी कुणी बोललं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. चूक दिसत असताना नुसतं 'छान' म्हणणं म्हणजे समोरच्याला आहे तिथेच ठेवणं.

मोगरा:
मला हे अजिबात पटत नाही.

मी दाखवलेला पहिला फोटो आईचा होता. गावच्या घरी, चुलीपाशी, भाकरी थापताना. मोबाइलवर काढलेला, धूर भरलेला. मी कुणाला मत विचारलं नव्हतं, नुसतं 'आमची आई' एवढंच लिहिलं होतं. पहिलंच उत्तर आलं: 'नॉइज (फोटोतले बारीक दाणे) फार आहे. मागची गोण काढायला हवी होती. डावीकडून आलेला हात कापा, लक्ष विचलित होतं.'

तो हात बाबांचा होता. आईला लाकूड देत होते.

त्यानंतर आठ महिने मी एकही फोटो कुणाला दाखवला नाही. शिकायला आलेल्या माणसाला शिकवा, जरूर शिकवा. पण दारात आलेला प्रत्येक जण परीक्षेला बसलेला नसतो.

जुनी निगेटिव्ह:
एक आठवण करून द्यावीशी वाटते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती 1854 मध्ये. फोटोग्राफी जगजाहीर होऊन तेव्हा पुरती सोळा वर्षंही झाली नव्हती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. कॅमेरा हाती आल्याबरोबर लोकांना एकत्र जमून त्यावर बोलावंसं वाटलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आमच्या वेळी रोलमध्ये 36 फ्रेम असायच्या. प्रिंट भिंतीवर लागायची आणि परीक्षक सगळ्यांसमोर बोलायचे. कान लाल व्हायचे, पण पुढचा रोल जपून वापरला जायचा. मी पाऊलवाट यांच्या बाजूने आहे. फक्त एक फरक सांगतो: तिथे आम्ही प्रिंट स्वतःहून परीक्षकांपुढे ठेवत होतो.

सह्यभटक:
मुळात टीका करणाऱ्यांपाशी ठरलेली चार वाक्यं असतात. तिसऱ्या भागाचा नियम पाळा (म्हणजे मुख्य गोष्ट मधोमध नको, एक तृतीयांशावर ठेवा), क्षितिज मध्ये नको, समोर काहीतरी हवं, कडेचं कापा. मी तळ्यातलं प्रतिबिंब टाकलं. पाणी आरशासारखं स्थिर, डोंगर वर तसाच खाली. क्षितिज मध्ये नको तर कुठे ठेवू? ऐकत गेलो आणि माझे फोटो इतर सगळ्यांसारखे दिसायला लागले. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे शंभर फोटो पाहा, नव्वदांत कड्याच्या टोकाला तोच एक पाठमोरा माणूस.

रातकिडा:
चुका सोडा, आधी फोटो कसा काढला ते तरी विचारा. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याचे काजव्यांचे फोटो येतात, अख्खं झाड सोन्याने मढवलेलं. बहुतेक वेळा ते फोटो अनेक फ्रेम एकावर एक चढवून केलेले असतात. त्यात गैर काही नाही, पण तसं सांगत जा. नवखा मुलगा एका फ्रेममध्ये पाच-सात ठिपके पाहतो आणि आपला कॅमेराच वाईट असं धरून चालतो. मीही एक उन्हाळा तसंच समजत होतो.

पाऊलवाट:
मोगरा, तुमचं वाचून रात्रभर डोक्यात तेच होतं. 'हात कापा' म्हणणाऱ्याने चूकच केली. तो हात कुणाचा, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

तरीही माझं म्हणणं मांडतो, राग मानू नका. मनगटापाशी तुटलेला हात बघणाऱ्याला चुकून आल्यासारखा वाटतो. कोपरापर्यंत दिसला असता, तर कुणीतरी देतंय आणि आई घेतेय, हे न सांगता कळलं असतं. दोन पावलं मागं सरकायची गोष्ट होती. हे कुणी नीट सांगितलं असतं, तर पुढचा फोटो तुम्ही तसा घेतला असता.

मोगरा:
कोपराचं बरोबर आहे. ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्याची ही रीत मला चालली असती.

पण पुढचा फोटो नाही घेता येणार. बाबा गेल्या मार्चमध्ये गेले. आहे तो मनगटापर्यंतचा हात, तेवढाच. म्हणून म्हणते, आधी विचारा. तुम्हाला चूक दिसते तिथे दुसऱ्याचं काय आहे, ते फोटोत मावलेलं नसतं.

जुनी निगेटिव्ह:
मोगरा, त्या फोटोची चांगल्या कागदावर प्रिंट काढून ठेवा. मोबाइल बिघडतात. धूर, गोण, सगळं असू द्या. काहीही कापू नका.

पाऊलवाट:
विचारूनच बोलेन.

यंदाचा दिवे घाट टाकतोय, आणि हा टीकेसाठीच आहे. या वेळी आभाळ शाबूत आहे. पण डाव्या कोपऱ्यातली निळी छत्री मला खटकते. ठेवू की कापू?