मदत हवी आहे: 'कोटुंबा' या ग्रीक शब्दाचं मूळ

घाईतला गडी
प्राचीन ग्रीकमध्ये लहान होड्यांना 'कोटुंबा' म्हणत. हा शब्द आला कुठून? दिवाळी अंकाचा लेख आज रात्री द्यायचाय, संपादकबाईंचे फोनवर फोन येताहेत. 'गूगल करा' सांगू नका, सकाळपासून तेच चाललंय.

शब्दवेल्हाळ
सोपं आहे. ग्रीकमध्ये 'क्युंबे' म्हणजे पेला, आणि होडीसुद्धा. लॅटिनमध्ये त्याचं 'कुंबा' झालं. रोमन कवी व्हर्जिलचा नावाडी खारोन मेलेल्यांना त्यातूनच पैलतीरी नेतो. आपला 'कुंभ' त्याच कुळातला मानतात. लिहून टाका.

खाडीकर
शब्दवेल्हाळ, मग सुरुवातीचं 'को' कुठून उगवलं? गडीबुवा, शब्द वाचलात कुठे? कुठल्या समुद्रातल्या होड्या?

घाईतला गडी
एका पुस्तकाच्या तळटीपेत. ग्रीक आहे असं स्पष्ट लिहिलंय. बंदरावरचा लेख आहे.

खाडीकर
अहो, कुठलं बंदर??

घाईतला गडी
भरूच. त्याने काय फरक पडतो?

माईआजी
भरूचला जाणार असाल तर खारे शेंगदाणे आणायला विसरू नका. तशी चव मुंबईत नाही.

खाडीकर
फरक पडतो म्हणजे? सगळा पडतो! हा शब्द 'पेरिप्लस'मधला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तच्या कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतची माहिती लिहिली, त्यातला. भरूच म्हणजे त्याचं बारिगाझा. नर्मदेचं मुख गाठणं अवघड, आत उथळ आणि भरती-ओहोटी भयंकर. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. भरती लागली की परकी जहाजं ओढत न्यायची, ओहोटीला ठरलेल्या खोल जागी नांगर टाकून थांबायचं, असं करत नदीत 300 स्टेडिया, म्हणजे पन्नासेक किलोमीटर आत. या कोळ्यांच्या नावा म्हणजे 'त्राप्पागा' आणि 'कोटुंबा'. लेखक 'म्हणतात' असं लिहितो, म्हणजे नाव इथल्यांचं, त्याने फक्त कानाने टिपलं. त्याचं मूळ अथेन्सात काय शोधताय?
आणि 'लहान' कुणी सांगितलं? मजकुरात 'लांब नौका' आहे.

शब्दवेल्हाळ
कानाने टिपताना माणूस आपल्या ओळखीच्या शब्दाकडे झुकतोच. क्युंबेचा परिणाम नसेल कशावरून?

सुकाणू
कशाला लांब जाता? आपल्याकडची कोटिया! माझ्या आजोबांनी कोटियावर माल नेलाय. कोटुंबा म्हणजे कोटियाच.

खाडीकर
कोटिया मोठ्या शिडाचं मालवाहू गलबत. ही वल्ही मारत जहाजं ओढणारी नाव. आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही.

सुकाणू
दोन हजार वर्षांत नाव तेच राहून घाट बदलू शकत नाही? कागदावरची समुद्रसफर पुरे.

पोथीनिष्ठ
भांडू नका. 'अंगविज्जा' या प्राकृत जैन ग्रंथात नौकांची यादी आहे. त्यात 'कोट्टिंब' आहे, 'तप्पक' आहे, 'संघाड'ही आहे. पहिले दोन म्हणजे पेरिप्लसची जोडी, दोन्ही नावं एकाच यादीत. एक शब्द योगायोगाने जुळेल, जोडी नाही. आधाराला हे कोटियापेक्षा बळकट आहे.

घाईतला गडी
बरं, पण कोट्टिंबचं मूळ काय? संस्कृत धातू द्या ना एक.

पोथीनिष्ठ
प्रत्येक शब्दाला धातू मिळालाच पाहिजे असा कायदा नाही. नावाड्यांचे शब्द पंडितांना विचारून होत नाहीत.

कृष्णाकाठ
अवांतर: पेरिप्लसमध्ये दक्षिणेकडच्या बंदरांत 'सांगारा' नावाची मोठी जहाजंही आहेत, अखंड लाकडांच्या होड्या एकत्र बांधून केलेली. वरचा संघाड तोच, आणि आपली 'सांगड'ही त्याच घरातली. आमच्याकडे दोन भोपळ्यांची सांगड पाठीला बांधून पोरांना नदीत ढकलत.

माईआजी
भोपळा वाळलेला हवा हं. ओला भोपळा लवकर सडतो.

घाईतला गडी
मला एक वाक्य हवंय. एकच!

पोथीनिष्ठ
घ्या: 'कोटुंबा हे भरूचच्या कोळ्यांच्या लांब नावेचं स्थानिक नाव, ग्रीक लेखकाने ते ऐकून नोंदवलं, आणि प्राकृतात ते कोट्टिंब या रूपात सापडतं.'

शब्दवेल्हाळ
क्युंबेचा निदान उल्लेख तरी करा.

घाईतला गडी
वाक्य टाकलं, लेख पाठवला. संपादकबाई विचारताहेत, सोबत चित्र आहे का. आहे का कुणाकडे?