मदत हवी आहे: मुलाच्या अपहरणाचा खोटा फोन

काल दुपारी व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे. अर्ध्या तासात 80 हजार टाका, फोन ठेवायचा नाही." मागून रडणं, "आई, वाचव मला!" आवाज हुबेहूब त्याचाच. हातपाय गळाले, 20 हजार पाठवूनही बसले. तेवढ्यात जाऊबाईंनी क्लासला फोन लावला, तर तो तिथे बाकावरच होता.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली, क्रमांक मिळालाय. पण चौकीत म्हणतात, पोरगा सुखरूप आहे ना, मग कशाला? एफआयआर नोंदवून घ्यायला काय करू? बँकेला लेखी अर्ज कसा द्यायचा? कुणाचे पैसे परत आलेत का? त्याचा आवाज त्यांना मिळाला कुठून, या विचाराने रात्रभर डोळा लागला नाही.