शिलाई शिकून कमाई सुरू झाली तर रेशन बंद होतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी आमच्या गावात उमेदची (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) सीआरपी आहे, म्हणजे बचत गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती. बचत गटातल्या बायकांना जिल्ह्याच्या आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) शिलाई शिकायला पाठवायचंय. 30 दिवस, राहणं-जेवण फुकट. अकरा जणींनी नावं दिली होती, आता चारच उरल्यात.

महिनाभर घर सोडायचं म्हणून अडतंय, असं मला वाटत होतं. ते आहेच. पण परवा एका ताईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून केशरी कार्ड काढून समोर ठेवलं. "कमवायला लागले की हे काढून घेतील ना?" घरात पाच माणसं, माणशी 5 किलोने महिन्याला 25 किलो धान्य, तेही 2023 पासून फुकट.

मी समजावायला म्हणून हिशेब मांडला आणि मीच गप्प झाले. प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे हे माणशी 5 किलो धान्य ज्यांना मिळतं त्यांच्यासाठी, ग्रामीण भागात उत्पन्नाची मर्यादा ठरली ती वर्षाला 44,000. महिन्याला 25 ब्लाऊज, दीडशे रुपयांनी, म्हणजे 3,750. वर्षाचे झाले 45,000! (नवऱ्याची मजुरी धरली तर निम्मं गाव आजच बाहेर जाईल, पण ते कोण मोजतंय.)

तर, शिलाईच्या कमाईवरून कुणाचं कार्ड खरंच गेलंय का? मशीनचा हप्ता, दोरा, वीज वजा करून उत्पन्न धरतात की नाही? आणि मुक्काम न करता कुठे काही शिकता येतं का? "तहसीलला विचारा" सांगू नका, तिथे दोनदा जाऊन आलेय.

प्रतिसाद: आमच्या गावात तपासणी झाली तेव्हा चारचाकीवाले आणि पक्क्या नोकरीवाले आधी निघाले. ब्लाऊज शिवणारीचं कार्ड गेलेलं मी तरी पाहिलं नाही. पण लेखी हमी कोण देणार? ती ताई आधीपासून थोडंफार शिवत असेल तर पीएम विश्वकर्मा ही कारागिरांसाठीची केंद्राची योजना बघा. मूलभूत प्रशिक्षण 5 ते 7 दिवसांचं, दिवसाला 500 रुपये भत्ता, वर अवजारांसाठी 15,000 पर्यंतचं ई-व्हाउचर. घरातल्या एकालाच मिळतं.

धागाकर्ती: अहो, ती फॉल-पिको करतेच की! उद्याच जाते तिच्याकडे. तिच्या सासूबाईंशीही बोलावं लागेल. कार्डावर कुटुंबप्रमुख त्याच आहेत.