मदत हवी आहे: आमवातात आंबट बंद केल्याने अँटिऑक्सिडंट कमी पडतात का?

नमस्कार. माझ्या सासूबाईंना (वय ५८, कोल्हापूर) ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात, तो आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचे औषध आणि जोडीला फॉलिक ॲसिड चालू आहे; तरीही सीआरपी (शरीरातील दाह, म्हणजे सूज, दाखवणारी रक्ततपासणी) अजून वाढलेलेच येते. औषधांचे डॉक्टर पाहतात, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझा प्रश्न पथ्याचा आहे.

थोरामोठ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी लिंबू, आवळा, टोमॅटो, चिंच आणि दही आंबट म्हणून, पेरू थंड म्हणून आणि वांगे-बटाटा वातूळ म्हणून सोडून दिले. आता ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी आणि दूध-भात यांवरच त्यांचे चालले आहे. तांबडा रस्सा सोडला याचे मला वाईट वाटत नाही, पण पेरू-आवळ्याच्या दिवसांत कपिलतीर्थ मंडईतून रिकाम्या हाताने परतणे पटत नाही. सुजलेल्या सांध्यांत पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे रेणू जास्त तयार होतात, आणि त्यांना आवर घालणारी अँटिऑक्सिडंट, म्हणजे क व ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन आणि सेलेनियम, यांचे प्रमाण या रुग्णांच्या रक्तात अनेकदा कमी आढळते, असे माझ्या वाचनात आले. मग ही कमतरता आजारामुळे येते की अशा पथ्यामुळे? आणि एका परिचितांनी सुचवलेली अँटिऑक्सिडंटची रक्ततपासणी करून कॅप्सूल सुरू करण्यात काही अर्थ आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (आहारतज्ज्ञ):

दोन्हींमुळे, आणि म्हणूनच ती तपासणी फारशी उपयोगाची नाही. शरीरात दाह असला की क जीवनसत्त्व, जस्त आणि सेलेनियम यांची रक्तातील पातळी आहार व्यवस्थित असतानाही खाली येते. त्यामुळे सीआरपी वाढलेले असताना आलेल्या कमी आकड्यावरून खाण्यात काय कमी पडते हे नेमके ठरवता येत नाही. त्या पैशांची फळे आणा, असे मी स्पष्टच म्हणेन.

आहाराने ही पातळी किती बदलते, याबाबत स्वीडनमधील २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहण्यासारखा आहे. त्यात आमवाताच्या ५१ रुग्णांपैकी एका गटाला तीन महिने भूमध्यसागरी पद्धतीचा, म्हणजे भाज्या, फळे, कडधान्ये, मासे आणि ऑलिव्ह तेल यांवर भर असलेला आहार दिला. त्या गटाच्या खाण्यात अँटिऑक्सिडंट असलेले पदार्थ वाढले आणि आजाराची तीव्रताही कमी झाली, परंतु रक्तातील अँटिऑक्सिडंटची पातळी मात्र त्या मानाने वाढली नाही. तरीही ज्या रुग्णांच्या रक्तात क जीवनसत्त्व जास्त होते, त्यांच्यात आजाराची लक्षणे सौम्य दिसली. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे मात्र त्यावरून ठरत नाही. थोडक्यात, चांगल्या आहाराचा फायदा रक्तातल्या एखाद्या आकड्यात शोधू नये.

आता तुमच्या घरच्या ताटाकडे येऊ. आंबट खाल्ल्याने आमवात वाढतो याला आधार नाही. प्रौढ स्त्रीला दिवसाला साधारण ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. एका मध्यम पेरूत त्याहून कितीतरी जास्त मिळते, आणि भाकरी, आमटी, दूध-भातात ते जवळजवळ नसतेच. लिंबू आमटी उकळताना न घालता ताटात पिळावे, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. शिवाय डाळी-भाज्यांतील लोह शोषले जाण्यास त्याची मदत होते, आणि या आजारात रक्तक्षय वरचेवर आढळतो. गाजर, लाल भोपळा, माठ आणि मेथी यांतील बीटा-कॅरोटीनचे मात्र उलट आहे: ते शिजवून, थोड्या तेलाच्या फोडणीसह खाल्ल्यास अधिक शोषले जाते. पालेभाजीत फोलेट (फॉलिक ॲसिडचे नैसर्गिक रूप) असले तरी तिच्यामुळे मेथोट्रेक्सेटला अडथळा येत नाही, पण फॉलिक ॲसिडची गोळी तिच्या भरवशावर बंद करू नये.

कॅप्सूलचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हळदीच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांच्या यकृतावर आधीच लक्ष ठेवावे लागते. आमटीतल्या चिमूटभर हळदीची भीती बाळगू नये. सोडलेले पदार्थ एकेक करून परत सुरू करावेत, आणि एखाद्याने खरोखरच दुखणे वाढते असे वारंवार दिसले, तर तेवढाच वगळावा.

मूळ प्रश्नकर्ती:

मनःपूर्वक आभार. पेरूपासून सुरुवात करू. आंबट नसल्याने सासूबाईंना तो पटवणे सोपे जाईल. आवळ्याऐवजी मोरावळा चालेल का?

प्रतिसाद (आहारतज्ज्ञ):

चवीपुरता चालेल. तो पाकात शिजत असल्याने त्यातले क जीवनसत्त्व बरेच कमी होते आणि साखर भरपूर असते. मधुमेह असल्यास टाळावा. ताजा आवळा किसून, मीठ लावून जेवणासोबत द्यावा.