‘अमर सिंग चमकीला’ची गाणी : पंजाबी गायकाच्या कथेला नवी हिंदी गाणी का हवीत?

(तीन श्रोत्यांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे. पहिले चार मजकूर चित्रपट येण्यापूर्वीचे, शेवटचे दोन तो पाहिल्यानंतरचे.)

पूर्वरंग

इम्तियाज अली यांच्या ‘अमर सिंग चमकीला’ या चित्रपटाची सहाही गाणी गेले दोन दिवस मी पुन्हा पुन्हा ऐकतो आहे. चित्रपट १२ एप्रिल २०२४ रोजी नेटफ्लिक्सवर येणार असल्याने खालचे मत निव्वळ गाण्यांपुरते आहे. संगीत ए. आर. रहमान यांचे आणि शब्द इर्शाद कामिल यांचे; ‘रॉकस्टार’ (२०११), ‘हायवे’ (२०१४) आणि ‘तमाशा’ (२०१५) यांच्यानंतर हे तिघे पुन्हा एकत्र आले आहेत.

चमकीला हा १९८०च्या दशकात पंजाबच्या खेड्यापाड्यांत तुंबी हे एकतारी वाद्य हाती घेऊन रांगडी, द्व्यर्थी द्वंद्वगीते गाणारा दलित गायक. ८ मार्च १९८८ रोजी मेहसमपूर येथे कार्यक्रमासाठी पोहोचताच त्याची आणि त्याची पत्नी व सहगायिका अमरजोत हिची गोळ्या झाडून हत्या झाली, तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. त्याची स्वतःची गाणी आजही लोकांच्या तोंडी असताना रहमान यांनी नवे काय करायचे, हा प्रश्न मला ऐकण्यापूर्वीच पडला होता, आणि माझ्या मते त्याचे उत्तर या गाण्यांत मिळते: रहमान यांनी चमकीलाची नक्कल केलेली नाही. ही गाणी त्याच्या तोंडची नसून त्याच्याविषयीची आहेत. ‘बाजा’मध्ये मोहित चौहान ज्या उत्साहाने कथा सांगायला उभे राहतात, तो थेट शाहिराचा आवेश आहे, आणि मागचा समूहस्वर झीलकऱ्यांसारखा प्रत्येक वाक्य उचलून धरतो.

मला सर्वांत भिडले ते ‘विदा करो’. तुम्ही सारे पुण्यवान आहात, पापी तेवढा मीच आहे, तेव्हा मला निरोप द्या, अशा अर्थाचे हे गाणे अरिजित सिंग यांनी आवाज जराही न चढवता गायिले आहे, आणि जोनिता गांधी यांचा स्वर त्यात आला की ते एका माणसाचे गाणे न राहता दोघांचे होते. ज्यांनी जोडीने गायिले आणि जोडीनेच मरण पत्करले, त्यांच्यासाठी याहून योग्य रचना मला सुचत नाही. ‘बोल मोहब्बत’ मात्र कानांवरून निघून गेले. त्या वळणाचे रहमान आपण आधी पुष्कळ ऐकले आहेत.

अनवट

आपला मुख्य मुद्दा मला मान्य नाही. गाणी वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. ती फार सुबक आहेत, आणि हीच माझी तक्रार आहे. चमकीलाच्या ध्वनिमुद्रणांत एक तुंबी, ढोलकी, हार्मोनियम आणि एकमेकांवर कुरघोडी करणारे दोन कणखर आवाज एवढ्यावर सगळा खेळ उभा राहतो. तिथे सवाल आहे, जवाब आहे आणि अखाड्यासमोर, म्हणजे उघड्यावरच्या गाण्याच्या कार्यक्रमासमोर, बसलेल्या माणसांची चाहूलही आहे. ‘इश्क मिटाए’मध्ये पंजाब स्वतः बोलतो आहे अशी कल्पना आहे, पण तो बोलतो ती हिंदी सर्व देशाला सहज कळेल अशी बेतलेली आहे. ज्या माणसाने आपल्या गावच्या बोलीशी कधी तडजोड केली नाही आणि त्यापायी शिव्याशाप सोसले, त्याच्या चित्रपटाचे संगीत इतके सर्वमान्य व्हावे, याचे मला खरोखर दुःख होते. आपण शाहिराची उपमा दिलीत, परंतु शाहीर ज्यांच्यासमोर गातो त्यांच्याच भाषेत गातो.

कोमल गंधार

अनवट यांचा भाषेचा आक्षेप रास्त आहे, पण ‘नरम कालजा’विषयी आपण दोघांनीही काहीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. चमकीलाच्या गाण्यांवरचा मोठा आरोप अश्लीलतेचा होता, आणि त्याच्या बाजूने बोलताना नेहमी असे सांगितले जाते की ती गाणी ऐकायला बायकाही जमत. इथे ती बाजू बायकांच्याच तोंडी दिली आहे. अलका याज्ञिक, रिचा शर्मा, पूजा तिवारी आणि यशिका सिक्का या चौघी मिळून स्त्रीची इच्छा न लाजता गातात, तेव्हा आपल्याकडच्या बैठकीच्या लावणीची आठवण होते. शृंगार तिथेही असतो, पण तो कोणाच्या नजरेतून मांडला जातो त्यावर त्याची प्रत ठरते. अलका याज्ञिक यांचा इतका परिचित, गोड आवाज या शब्दांसाठी निवडणे ही मला या संग्रहातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. त्यामुळे हे संगीत ‘सर्वमान्य’ आहे, हे विधान किमान या गाण्याला लागू पडत नाही.

अनवट

‘नरम कालजा’बद्दल आपले म्हणणे मी मान्य करतो. आपला प्रतिसाद वाचून ते पुन्हा ऐकले, आणि माझ्या पहिल्या मतात ते गाणे मी निष्काळजीपणे इतरांत ढकलले होते. तरीही त्या एका गाण्यामुळे उरलेल्या पाचांची भाषा बदलत नाही.

पूर्वरंग

काल चित्रपट पाहिला, म्हणून पुन्हा लिहितो. चमकीलाची मूळ गाणी त्यात भरपूर आहेत, चमकीला व अमरजोत यांच्या भूमिका करणाऱ्या दिलजित दोसांझ आणि परिणीती चोप्रा यांनी ती चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष गायिली आहेत, आणि त्यांचे शब्द व अर्थ पडद्यावर उमटत राहतात. म्हणजे पंजाबी बोली तिच्या जागी शाबूत आहे. चित्रपटाची सुरुवातच हत्येने होते आणि ‘बाजा’ त्यानंतर येते. ज्या गाण्याला मी उत्साहाचे म्हटले होते, ते मृत्यूनंतर ऐकताना वेगळेच लागते.

अनवट

मीही पाहिला, आणि माझा आक्षेप उलट अधिक टोकदार झाला. मूळ गाणे संपून रहमान यांचे गाणे सुरू होते तेव्हा ध्वनीची जात बदलते: एकीकडे उघड्या मैदानातला कच्चा आवाज, दुसरीकडे थर चढवून घडवलेला सफाईदार स्वर. आपल्याला त्यात गायक आणि कथेकरी यांच्यातले अंतर दिसते. मला मात्र प्रत्येक वेळी अखाड्यातून उठवून कोणी बाहेर नेल्यासारखे झाले. अपवाद शेवटाकडच्या ‘विदा करो’चा. तिथे मला तुंबीची आठवण झाली नाही, कारण ती वाजवणारा तोवर गेलेला होता.