गोड टाळलं तरी तळण उरतंच
दिवाळीत गोड बंद ठेवलं की वजन वाढत नाही, असं बरेच जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. एक ग्रॅम साखरेत साधारण 4 कॅलरी असतात, एक ग्रॅम तेलातुपात 9. लाडू नाकारून बशीभर चकली-शेव खाल्ली तर काय साधलं? शंकरपाळ्यांत तर दोन्ही आलं: साखर, तुपाचं मोहन आणि वर तळण.

आमच्याकडे खरी गडबड दिवाळीच्या चार दिवसांत होत नव्हती, ती पुढे तुळशीच्या लग्नापर्यंत चालायची. डबे ओट्यावरच. चहाला उकळी येईपर्यंत चार शंकरपाळ्या, फोनवर बोलताना मूठभर चिवडा. हे खाणं कुणी जेवणात धरतच नाही. गेल्या वर्षी सासूबाईंनी सगळे डबे कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. फराळ फक्त सकाळच्या चहाबरोबर, वाटीत काढून, बसून खायचा. बेसनाचे लाडूही लिंबाएवढे वळले. मुलांनी दोन दिवस कुरकुर केली, मग सवय झाली.

चिवडा पातळ पोह्यांचा करा. पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजून घेतले की फोडणीपुरतं तेल पुरतं. तळलेल्या पोह्यांचा चिवडा फार तेल ओढतो. चकलीचं तेलही नीट तापू द्या, कोमट तेलात ती तेल पिते.

आणि कुणाकडे फराळाला जायचं म्हणून दुपारचं जेवण मात्र टाळू नका. भुकेल्या पोटी समोर ताट आलं की हात थांबत नाही. मी वरण-भात आणि काकडीची कोशिंबीर खाऊनच निघते.